नायट्रिक ॲसिड: तांब्यावर तपकिरी धूर, तिसऱ्यांच्या शिंपल्यांवर नुसता फेस, असं का? आणि तयार झालेला क्षार सुकत का नाही?

खाडीकाठची

नमस्कार सगळ्यांना. मी अकरावी सायन्सला आहे, गुहागर तालुक्यात. आमच्या ग्रुपने नायट्रेट क्षारांवर छोटा प्रोजेक्ट घेतलाय, सगळं कॉलेजच्या लॅबमध्ये सरांच्या समोरच केलं, घरी काही नाही.

तर पहिल्या परीक्षानळीत तांब्याच्या तारेचे तुकडे टाकले आणि वरून कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक ॲसिड, फ्यूम हूडच्या (धूर बाहेर ओढून नेणारं लॅबमधलं कपाट) आत. आधी क्षणभर काहीच नाही, मग एकदम तपकिरी धूर उसळला आणि खालचं पाणी हिरवंगार. त्यात नंतर साधं पाणी घातलं तर तेच निळं झालं. दुसऱ्या नळीत पण तांबंच पण डायल्यूट ॲसिड, ह्यात बुडबुडे हळूहळू येत होते आणि गंमत म्हणजे नळीच्या आत वायूला रंगच नाही, तोंडाशी आला की तपकिरी. मग चंचुपात्रात तिसऱ्यांच्या शिंपल्या टाकल्या (घरी खाऊन झालेल्या, घासून धुऊन नेल्या होत्या) आणि डायल्यूट नायट्रिक ॲसिड ओतलं. ह्यात भरपूर फेस आला पण धूर अजिबात नाही, शिंपल्या विरत गेल्या आणि वर एक पातळ पिवळट पापुद्रा तरंगत राहिला.

आता प्रश्न. तिन्ही ठिकाणी शेवटी नायट्रेटच तयार झालं ना, मग शिंपल्यांवर तपकिरी धूर का नाही? दुसरं म्हणजे तांब्याच्या समीकरणात नायट्रिक ॲसिडच्या आधी कॉन्सन्ट्रेटेडला ४ आणि डायल्यूटला ८ असं पाठ करा म्हणून सांगितलंय, पण हे ४ आणि ८ येतात कुठून? आणि ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, खरा अडलेला प्रश्न तिसराच आहे, शिंपल्यांचं पाणी गाळून आटवलं तर क्षार मिळेल असं वाटलं होतं पण ते काकवीसारखं चिकट होऊन बसलंय, ऑगस्ट चालू आहे, काही केल्या सुकत नाही. शेजारच्या ग्रुपने पोटॅशियम नायट्रेटचे स्फटिक केले ते मात्र सुईसारखे सुंदर आले आणि कोरडेही राहिले. आमचं काय चुकतंय का हा क्षारच तसा आहे?

प्रयोगवही

अगं किती छान बघितलंयस तू. “आत रंग नाही, तोंडाशी तपकिरी” हे वहीत तसंच्या तसं लिही, बहुतेक मुलं “तपकिरी वायू बाहेर पडतो” एवढं लिहून मोकळी होतात. मी बरीच वर्षं केमिस्ट्री शिकवली, आता रत्नागिरीत असते. सविस्तर लिहिते, लांबलं तर लांबलं.

मुळाशी एकच गोष्ट आहे. नायट्रिक ॲसिड दोन वेगवेगळी कामं करतं. एक काम कुठलंही ॲसिड करतं तेच, आपला हायड्रोजन आयन देऊन टाकायचा. आणि दुसरं काम त्याच्या नायट्रेटचं, समोरच्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घ्यायचे. हे दुसरं काम करताना नायट्रेट स्वतः मोडतं आणि मोडून जे निघतं तो तो तपकिरी धूर. म्हणजे धूर येणार की नाही हे ॲसिडवरून नाही ठरत, समोरच्या पदार्थाकडे द्यायला इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत ह्यावरून ठरतं.

आता तुझी शिंपली घे. ती जवळजवळ सगळी कॅल्शियम कार्बोनेट. त्यातलं कॅल्शियम आपले दोन इलेक्ट्रॉन कधीच देऊन बसलेलं आहे, कार्बनही ऑक्सिजनला जेवढं देता येईल तेवढं देऊन वरच्या पायरीवर पोचलेला. देण्यासारखं कोणाकडेच काही नाही. म्हणून इथे फक्त पहिलं काम होतं, कार्बोनेटला हायड्रोजन मिळतो, कार्बन डायऑक्साइड फेस होऊन जातो आणि नायट्रेट आहे तसं न मोडता कॅल्शियमच्या सोबत पाण्यात राहतं. कॅल्शियम कार्बोनेट + २ नायट्रिक ॲसिड → कॅल्शियम नायट्रेट + कार्बन डायऑक्साइड + पाणी. बस.

तांब्याचं उलट. तांब्याची तार म्हणजे धातू, इलेक्ट्रॉन सगळे जागेवर. आणि तांबं साध्या ॲसिडला दाद देत नाही, हायड्रोक्लोरिकमध्ये टाकलंस तर तसंच पडून राहील. त्याला विरघळवायला नायट्रेटनेच इलेक्ट्रॉन ओढावे लागतात.

ह्याची खात्री करायची असेल तर सरांना विचारून एक प्रयोग कर, लॅबमध्ये काळी कॉपर ऑक्साइडची पूड असते, ती चिमूटभर घेऊन डायल्यूट नायट्रिक ॲसिडमध्ये टाक आणि किंचित कोमट कर. पाणी निळं होईल, म्हणजे कॉपर नायट्रेट झालं, तोच क्षार, आणि धूर नाही. कारण ऑक्साइडमधल्या तांब्याचे इलेक्ट्रॉन आधीच गेलेले. जुन्या तांब्याच्या भांड्यावर हिरवा थर चढतो ना त्याचंही तसंच, तो बराचसा कार्बोनेट असतो, तो नुसता फेसाळेल, आणि थर संपून खालचं तांबं उघडं पडलं की मग तपकिरी सुरू. एकाच भांड्यावर दोन्ही गोष्टी दिसतात. तुझ्या प्रोजेक्टमध्ये ही तुलना असायलाच हवी असं माझं मत आहे, तार आणि काळी पूड शेजारी शेजारी.

आता ४ आणि ८. पाठ करू नकोस, हिशोब कर. तांब्याचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो. नायट्रेटमधला नायट्रोजन +५ वर असतो (हा ऑक्सिडेशन नंबर, म्हणजे किती इलेक्ट्रॉन देऊन बसलाय असं धरायचं तो आकडा). कॉन्सन्ट्रेटेडमध्ये तो +४ वर येतो, म्हणजे एकच इलेक्ट्रॉन घेतो आणि नायट्रोजन डायऑक्साइड होतो. दोन इलेक्ट्रॉन खपवायचे तर दोन नायट्रेट मोडायला हवेत. आणि तांबं +२ झालं तर त्याच्यासोबत राहायला आणखी दोन नायट्रेट हवेत, न मोडलेले. २ मोडलेले आणि २ राहिलेले, झाले ४. डायल्यूटमध्ये नायट्रोजन +५ वरून थेट +२ वर येतो, तीन इलेक्ट्रॉन घेतो आणि नायट्रिक ऑक्साइड होतो. दोन आणि तीनचा मेळ सहावर बसतो, म्हणून ३ तांबी आणि २ मोडलेली नायट्रेटं, शिवाय तीन तांब्यांना सोबत म्हणून ६. सहा आणि दोन ८. एवढंच आहे ते. ह्या हिशोबाने पुढे चांदी, झिंक काहीही आलं तरी तुला समीकरण मांडता येईल.

आणि एक बघ, ह्याच हिशोबातून खर्चही कळतो, १ ग्रॅम तांब्याला कॉन्सन्ट्रेटेडने साधारण ४ ग्रॅम शुद्ध नायट्रिक ॲसिड लागतं आणि डायल्यूटने साधारण २.६५ ग्रॅम. तोच क्षार करायचा तर डायल्यूटने ॲसिडही कमी जातं आणि विषारी वायूही कमी निघतो.

डायल्यूटमधला नायट्रिक ऑक्साइड बिनरंगाचा असतो, हवेतला ऑक्सिजन मिळाला की लगेच तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड होतो, म्हणून तुला तोंडाशी रंग दिसला. आणि पहिल्या नळीतला हिरवा रंग म्हणजे निळ्या कॉपर नायट्रेटमध्ये विरघळून राहिलेला तो तपकिरी वायू, पाणी घातलंस आणि तो गेला, निळं उरलं.

न सुकण्याबद्दल संध्याकाळी लिहिते, पण आधीच सांगते, तुमचं चुकलेलं नाही.

देवगडचो

गो चेडवा, रसायनशास्त्र माका मॅडमांएवढा येना नाय, पण ह्या सुकणा-नसुकणा माका दर पावसात दिसता. ता काय सुकाचा नाय, रवांदे.

बाकीच्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. आमची हापूसची बाग आहे आणि उन्हाळ्यात खाली थोडं कलिंगड. बागेला तेरा शून्य पंचेचाळीस लागतं, ते म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, तुझ्या शेजारच्या ग्रुपचं. आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे, फळ वाटाण्याएवढं, मग गोटीएवढं, मग अंड्याएवढं झालं की १ टक्क्याची फवारणी, म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो, फळगळ कमी होते. ह्याचं फोडलेलं पोतं पावसात नुसतं दोरीने बांधून ठेवलं तरी फार तर गठ्ठे होतात, हाताने फुटतात.

आणि कलिंगडाला ड्रिपमधून कॅल्शियम नायट्रेट देतो. ते पोतं एकदा फोडलं की घाई करायला लागते, तोंड उघडं राहिलं तर दाणे आधी एकमेकांना चिकटतात, मग ओले दिसायला लागतात, आणि श्रावणात तर पोत्याखाली पाणीच सुटतं. पाणी कोणी ओतलेलं नसतं, ते हवेतनं घेतं. म्हणून ते आम्ही जाड प्लॅस्टिकच्या डब्यात झाकण घट्ट लावून ठेवतो आणि हात कोरडा करून मगच काढतो.

आणखी एक, प्रोजेक्टमध्ये घालण्यासारखं आहे म्हणून सांगतो, कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एका टाकीत कधी मिसळायचं नाही. दोन्ही वेगवेगळी पाण्यात मस्त विरघळतात आणि एकत्र दाट कालवली की टाकी दुधासारखी पांढरी होते आणि ड्रिपची भोकं बंद. कॅल्शियम आणि सल्फेट मिळून जिप्सम तळाला बसतं.

प्रयोगवही

देवगडकरांनी माझं निम्मं काम केलं, धन्यवाद. त्यामागचे आकडे देते.

प्रत्येक क्षाराची हवेतल्या ओलाव्याची एक हद्द असते. हवेत त्यापेक्षा जास्त ओलावा असला की क्षार हवेतलं पाणी ओढून त्यातच विरघळायला लागतो. २५ अंशाच्या आसपास कॅल्शियम नायट्रेटची ही हद्द साधारण ५० टक्के आर्द्रता आहे, अमोनियम नायट्रेटची ६२ च्या जवळ, सोडियम नायट्रेटची ७४ च्या जवळ आणि पोटॅशियम नायट्रेटची ९० च्याही वर. आता तूच बघ, आपल्याकडे ऑगस्टमध्ये हवा ८५-९० टक्के ओली असते. तुझा क्षार त्या हवेत घनरूपात राहूच शकत नाही, आणि शेजारच्यांचा राहू शकतो. हाच प्रयोग कोणी डिसेंबरात सोलापूरला दुपारी केला तर त्यांचा क्षार टिकायची बरीच शक्यता आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये त्या दिवसाची आर्द्रता लिहा, हा निकालाचाच भाग आहे.

दुसरं, कॅल्शियम नायट्रेट स्फटिक होतं तेव्हा प्रत्येक रेणूमागे पाण्याचे चार रेणू धरून बसतं. आणि हे चार पाणीवाले स्फटिक ४३ अंशाच्या आसपास आपल्याच पाण्यात वितळतात. म्हणजे तुम्ही सुकवायला म्हणून गरम करत होतात तेव्हा ते द्रवच राहणार होतं.

तुला वाटेल असला चिकट क्षार कोण कशाला करेल, तर १९०५ मध्ये नॉर्वेत नोटोडेन इथे ह्याचा कारखानाच निघाला. बिर्केलँड आणि आइडे ह्यांनी हवेतून विजेची ठिणगी काढून नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला, त्याचं नायट्रिक ॲसिड केलं आणि ते चुनखडीवर सोडलं. तुमच्या चंचुपात्रातलीच अभिक्रिया, शिंपलीच्या जागी चुनखडीचा दगड. ते खत म्हणून ‘नॉर्वेचा सोरा’ ह्या नावाने विकलं जायचं. तोपर्यंत जगाला नायट्रेट मिळायचं ते मुख्यतः चिलीच्या वाळवंटातून खणलेलं सोडियम नायट्रेट, जिथे पाऊसच पडत नाही, म्हणून तर एवढा विरघळणारा क्षार जमिनीत टिकून राहिला. कोकणात असा साठा सापडणं शक्यच नाही, पहिल्याच पावसात समुद्रात.

लोटे_बी_शिफ्ट

मॅडमनी केमिस्ट्री सांगितलीच आहे, मी कामाच्या बाजूने सांगतो. लोटे एमआयडीसीत आहे, नायट्रिक ॲसिड रोज हाताळतो.

पहिली गोष्ट आणि ही सगळ्यांनी वाचाच. तो तपकिरी धूर दिसायला जेवढा आकर्षक तेवढा फसवा आहे. क्लोरीन किंवा अमोनिया असला तर माणूस लगेच खोकत बाहेर पळतो. नायट्रोजन डायऑक्साइडचं तसं नाही, नाक-घसा थोडा चुरचुरतो, माणूस म्हणतो काही नाही झालं, घरी जातो, जेवतो, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरायला लागतं आणि दम कोंडतो. म्हणून हा धूर छातीत गेला असं वाटलं तर बरं वाटतंय म्हणून गप्प बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं आणि कशाचा धूर होता ते स्पष्ट सांगायचं, आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे पुन्हा पुन्हा सांगतात आणि योग्यच करतात. तुमच्या सरांनी फ्यूम हूडमध्ये केलं हे फार चांगलं केलं. ज्या कॉलेजात हूड नाही तिथे हा तांब्याचा प्रयोग कॉन्सन्ट्रेटेड ॲसिडने करूच नये असं माझं ठाम मत आहे, थेंबभर असला तरी.

दुसरं, ॲसिड सांडलं तर चिंधी, लाकडाचा भुसा, सुतळी असलं काही टाकून पुसायचं नाही. बाकी ॲसिडला चालून जाईल पण हे ऑक्सिडायझर आहे, भुसा पेट घेऊ शकतो. भरपूर पाणी, नंतर सोडा. हातावर पडलं तर लगेच नळाखाली धरायचं. कातडी पिवळी पडते आणि तो डाग धुऊन जात नाही, कातडीतल्या प्रोटीनशीच रिॲक्शन झालेली असते. तुझा तो पिवळट पापुद्रा मला तसलाच वाटतो, शिंपलीत चुन्याच्या थरांमध्ये प्रोटीन असतं, चुना विरघळला की ते उरतं. शिवाय आपल्याकडची लाल माती शिंपलीच्या खाचांत राहिली असेल तर त्यातलं लोखंडही पिवळेपणा देतं.

मुलांना एक नवल वाटतं ते सांगतो. डायल्यूट नायट्रिक ॲसिड लोखंड खातं पण खूप कॉन्सन्ट्रेटेड ॲसिडमध्ये लोखंड आणि ॲल्युमिनियम दोघंही शांत पडून राहतात. वर ऑक्साइडचा असा पातळ आणि घट्ट थर बसतो की आतलं धातू झाकलं जातं. म्हणून एकदम तीव्र ॲसिड ॲल्युमिनियमच्या टाकीत ठेवता येतं आणि आमच्याकडे येणारं साठ टक्क्यांच्या आसपासचं स्टेनलेस स्टीलच्या टँकरमधून येतं. त्याच टँकरमध्ये हायड्रोक्लोरिक कोणी चुकूनही भरणार नाही. उलट स्टेनलेसचे नवे पाइप आम्ही नायट्रिकने धुऊन घेतो, थर पक्का बसावा म्हणून.

आणि हे ॲसिड आता ठिणगीतून नाही बनत, अमोनियापासून बनतं. आपल्या रायगडात तळोज्याला बनतं. अमोनिया आणि हवा ९०० अंशांच्या आसपास तापलेल्या प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळीवरून सोडायची, नायट्रिक ऑक्साइड होतं, ते थंड होऊन तपकिरी होतं आणि टॉवरमध्ये पाण्यात शोषलं की ॲसिड. ऑस्टवाल्डने १९०२ मध्ये पेटंट घेतलेली पद्धत. तू दुसऱ्या नळीच्या तोंडाशी जे बघितलंस ना, बिनरंगाचा वायू तपकिरी होताना, तीच पायरी तिथे मोठ्या प्रमाणावर चालते.

सोनारआळी_चिपळूण

आमचं पिढीजात सोनारकाम आहे, आमच्या भाषेत हे तेजाब. चांदीचं उदाहरण कोणी घेतलं नाही म्हणून लिहितोय.

सोन्यात चांदी किंवा तांबं मिसळलेलं असलं की तेजाबात चांदी-तांबं विरघळून जातं आणि सोनं खाली राहतं. पण त्यात एक मेख आहे, सोनं जास्त असेल तर चांदी आतच अडकून राहते, तेजाब पोचतच नाही. म्हणून आधी मुद्दाम चांदी मिसळून गाळायचं, सोनं साधारण चौथा हिस्सा राहील असं करायचं आणि मग तेजाबात टाकायचं. सोनं तळाला तपकिरी भुकटी होऊन बसतं, बघणाऱ्याला वाटणार नाही हे सोनं आहे, गाळून तापवलं की रंग येतो. वरचं पाणी म्हणजे सिल्व्हर नायट्रेट आणि थोडं कॉपर नायट्रेट, चांदी असते त्यात, ते टाकायचं नाही. त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी पट्टीवर चकचकीत करड्या काट्यांसारखी उगवते आणि पाणी निळं होत जातं, कारण आता नायट्रेट तांब्यासोबत गेलं. हे निळं होणं बघायला तुला आवडेल, पातळ सिल्व्हर नायट्रेट लॅबमध्ये असतंच. बोटाला लागू देऊ नकोस, उन्हात काळं पडतं आणि बरेच दिवस जात नाही.

शेवटी तुमच्या खाडीकाठच्या कामाचं. एप्रिल-मेमध्ये खाडीलगतच्या विहिरी मचूळ होतात, त्या पाण्यातलं मीठ ह्याच सिल्व्हर नायट्रेटने कळतं. परीक्षानळीत विहिरीचं पाणी, त्यात डायल्यूट नायट्रिकचे दोन थेंब, मग सिल्व्हर नायट्रेट. नुसतं दुधट झालं तर थोडं मीठ, दह्यासारखं फुटून खाली बसलं तर विहिरीत खारं शिरलं. आधी नायट्रिकच का, तर पाण्यातलं कार्बोनेट काढून टाकायला, नाहीतर तेही चांदीसोबत पांढरट साका देतं आणि आपण फसतो. हायड्रोक्लोरिक घातलं तर आपणच क्लोराइड घातलं असं होईल. नायट्रिक घातलं तर नायट्रेट काहीच खाली बसवत नाही, म्हणून तेच. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावं असं भारतीय मानक आहे, समुद्राच्या पाण्यात ते १९,००० च्या आसपास असतं, म्हणजे थोडंसं खारं शिरलं तरी पाणी बिघडतं.

खाडीकाठची

मॅडम, काका, सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. कॉपर ऑक्साइडचा प्रयोग सरांना विचारला, ते हो म्हणाले. आणि विहिरीचं पाणी आमच्याच वाडीतलं नेणार आहे, आजी म्हणते आमची विहीर मे महिन्यात मचूळ होतेच.

आता दोनच शंका. एक, ह्या चिकट पाण्यात नायट्रेटच आहे हे सिद्ध कसं करायचं? सोनार काका म्हणाले की नायट्रेट काहीच खाली बसवत नाही, मग त्याची टेस्ट कशी असणार? आणि प्रदर्शनात ठेवायला स्फटिक काहीतरी करून मिळतील का? दोन, उरलेलं पाणी माडाच्या मुळात ओतलं तर चालेल का, मैत्रीण म्हणते नायट्रेट म्हणजे खतच.

प्रयोगवही

शंका अगदी बरोबर ठिकाणी आली तुला. सगळे साधे नायट्रेट पाण्यात विरघळतात, त्यामुळे साका पाडून ओळखता येत नाही. मग त्याचं दुसरं काम वापरायचं, इलेक्ट्रॉन ओढायचं. ताजं फेरस सल्फेटचं द्रावण तुझ्या पाण्यात मिसळ, नळी तिरकी धरून कडेकडेने कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड सोड (हे सरांनीच करायचं), ते जड असल्याने तळाला जातं आणि दोघांच्या मध्ये तपकिरी वलय येतं. फेरस लोखंड नायट्रेटला इलेक्ट्रॉन देतं, नायट्रेट मोडून नायट्रिक ऑक्साइड होतं आणि ते उरलेल्या फेरसला चिकटून तो रंग देतं. पुन्हा +५ वरून +२, तीन इलेक्ट्रॉन, म्हणजे एका नायट्रेटमागे तीन फेरस. तांब्याच्या दुसऱ्या नळीचाच हिशोब आहे बघ. नळी हलवू नकोस, वलय मोडतं. आणि फेरस सल्फेट त्याच दिवशी केलेलं हवं, जुनं झालं की हवेनेच त्याचे इलेक्ट्रॉन घेतलेले असतात.

स्फटिकांचं. आधी हे बघा की पाण्यात ॲसिड उरलेलं नाही. शिंपल्या मुद्दाम जास्त टाकायच्या, फेस थांबल्यावरही तळाला शिंपली शिल्लक दिसली म्हणजे ॲसिड संपलं. २ मोलरचं १०० मिली ॲसिड १० ग्रॅम शिंपली विरघळवतं, तुम्ही १२-१३ ग्रॅम घ्या. पूर्ण सुकवलेला क्षार १६.४ ग्रॅम होईल आणि चार पाण्यांसकट २३.६ ग्रॅम, ह्यापेक्षा भांड्यातलं वजन जास्त भरलं तर वरचं पाणी हवेचं किंवा आटायचं राहिलेलं. गाळून वॉटर बाथवर वजन २४ ग्रॅमच्या जवळ येईपर्यंत आटवा, मग लगेच डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणारं घट्ट झाकणाचं काचेचं भांडं) थंड करा, तळाला कोरडं कॅल्शियम क्लोराइड भरपूर ठेवून. ते ह्याच्यापेक्षाही हावरट आहे, ३० टक्के आर्द्रतेलाही पाणी ओढतं, म्हणून डेसिकेटरमधली हवा तुमच्या क्षाराला कोरडी वाटते. थंड होऊनही द्रवच राहिलं तर घाबरू नका, ह्या क्षाराला ती सवय आहे, काचेच्या दांडीने आतून भांडं खरवडा किंवा कॅल्शियम नायट्रेटचा एखादा कण लॅबच्या बाटलीतून टाका, मग बिनरंगाचे स्फटिक धरतील. लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून झाकणाभोवती मेण ओता. प्रदर्शनात शेजारी दोन उघड्या वॉच ग्लास ठेवा, एकीत थोडं हे आणि दुसरीत शेजारच्या ग्रुपचं पोटॅशियम नायट्रेट. दुपारपर्यंत लोकांना फरक आपोआप दिसेल.

कॉपर नायट्रेटचे निळे स्फटिकही असेच ओले होतात, पण ते सुकवायला तापवू नका. तुमचा कॅल्शियमचा क्षार बराच ताप सहन करतो, तांब्याचा क्षार मात्र मोडतो, काळं कॉपर ऑक्साइड उरतं आणि तोच तपकिरी धूर परत बाहेर.

आता माडाचं. शिंपल्यांचं पाणी ॲसिड संपलेलं असेल तर भरपूर पाण्यात मिसळून माडाच्या आळ्यात घालायला हरकत नाही, १६.४ ग्रॅम क्षारात २.८ ग्रॅम नायट्रोजन आहे, माडाच्या मानाने काहीच नाही पण अपायही नाही. पण भर पावसात नको, नायट्रेट मातीला धरून राहत नाही, सरळ वाहून खाली विहिरीत जातं, आणि पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको असं मानक आहे, तान्ह्या बाळांना त्याचा त्रास होतो.

तांब्याचं पाणी माडाला नाही, बेसिनमध्ये नाही आणि खाडीत तर मुळीच नाही. होड्यांच्या तळाला लावायच्या रंगात तांबं घालतात ते शंख-शिंपले तळाला धरू नयेत म्हणूनच, म्हणजे तेच तांबं खाडीतल्या तिसऱ्यांना काय करेल ते कळतंच. त्या पाण्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घाला, आधी फेस येईल, फेस थांबला की निळसर हिरवा गाळ बसेल. तो एक रात्र ठेवून गाळून घ्या, खालचं पाणी बिनरंगी निघालं पाहिजे, निळी झाक असली तर आणखी सोडा. गाळ सुकवून बाटलीत भरा, लेबल लावा आणि सरांकडे द्या, हे बेसिक कॉपर कार्बोनेट आहे, पुढच्या वर्षीच्या मुलांना नायट्रिकमध्ये टाकून धुराशिवाय कॉपर नायट्रेट करायला हेच उपयोगी पडेल.